टंचाईतून कथेला कलाटणी: नव्या लेखकांसाठी खानदेशातला हिशेब

दुष्काळावर कथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुतेक वेळा भेगाळलेल्या जमिनीपासून सुरुवात करतो आणि शेवटी पाऊस पाडतो. मधल्या पानांत दुःख असतं, पण घडत काहीच नाही. कारण टंचाई तिथं नुसती पार्श्वभूमी म्हणून उभी असते. तिला कामाला लावायचं तर तिचा आकडा मांडावा लागतो: किती आहे, रोज किती जातं, कोणाच्या हातून जातं आणि कोणत्या दिवशी संपतं. हा हिशेब वाचकाला उघड दिसायला हवा, आणि तरीही त्यातली एक नोंद त्याच्या नजरेतून सुटायला हवी. टंचाईतली खरी कलाटणी त्या सुटलेल्या नोंदीतून येते. ती कशी लपवायची हे या लेखात टप्प्याटप्प्यानं मांडलं आहे. उदाहरणं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- एक चौकटीची वही. डाव्या पानावर तारीख आणि शिल्लक, उजव्या पानावर त्या दिवशी घडलेला प्रसंग.
- कथा ज्या तालुक्यात घडते त्याचा नकाशा. नदी, कालवा आणि रस्ता दिसला पाहिजे.
- कथेच्या सालाचं कॅलेंडर. अक्षय तृतीया (खानदेशात आखाजी), पोळा, होळी आणि बाजाराचा वार यांवर खूण करा.
- एखादा सातबारा. विहीर एकाची की सामाईक, पीक कोणतं, नावं किती, हे त्यावर कळतं. सामाईक विहिरीच्या एका नोंदीत अख्खी कथा बसते.
- विजेचं वेळापत्रक. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, साधारण आठ तास. सौर पंप आले तिथं हे गणित बदललं आहे, म्हणून कथेचं साल आधीच ठरवून घ्या.

१. एकच वस्तू निवडा, आणि ती मोजता येईल अशी असू द्या

पाणी, वीज, चारा, पैसा, माणसं असं सगळंच कमी असेल तर वाचक कशावरच लक्ष ठेवत नाही. मुख्य टंचाई एक ठेवा. दुसरी तिच्या पोटातून यावी.

पाण्याचाच हट्ट धरू नका. हमीभावानं मका खरेदी करणाऱ्या केंद्रावर बारदान संपलं की काटा थांबतो. ४० क्विंटल मक्याला ५० किलोची ८० पोती लागतात. माल तयार, ट्रॅक्टर रांगेत, खरेदीची शेवटची तारीख परवावर, आणि अडलंय ते रिकाम्या गोणपाटापाशी. अशी क्षुल्लक वाटणारी वस्तू फार चांगलं काम करते, कारण तिच्यावरून कोणाचं नशीब फिरेल असं वाचकाला वाटतच नाही.

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात माणसांचीच टंचाई असते. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीला परत येतात. रस्ता न पोचलेल्या पाड्यावरून आजारी माणूस बांबूच्या झोळीतून खाली आणायचा तर दोन खांदे एका वेळी आणि दोन पालटायला, निदान चार धडधाकट माणसं लागतात. वाट लांबची असेल तर जास्त. माघ महिन्यात पाड्यावर तेवढी नसतात. हीच कथा होळीच्या आठवड्यात ठेवली तर टंचाईच उरत नाही. तारीख बदलली की गोष्ट मोडते, एवढी ती वस्तू वेळेशी बांधलेली हवी.

२. हिशेब मांडा

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि याचाच सगळ्यांना कंटाळा येतो. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

रावेर तालुका, मे महिना. दोन भावांची सामाईक विहीर. दोघांचाही एकेक एकर कांदेबाग, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ झाडं बसतात. मे महिन्याच्या उन्हात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा, भर वाढीच्या झाडाला ठिबकनं रोज साधारण २० लिटर पाणी धरा. जमीन आणि झाडाचं वय यांप्रमाणे कमीजास्त होईल, पण कथेसाठी एकच आकडा पक्का करा. एका एकराला रोज सुमारे ३५,००० लिटर झालं.

आता विहीर. व्यास २० फूट. अशा विहिरीत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. म्हणजे एका एकराला रोज चार फूट, दोघांना मिळून आठ फूट. झऱ्यांमधून चोवीस तासांत सहा फूट पाणी भरतं असं धरा. रोज दोन फुटांची तूट. पहिल्या सकाळी १४ फूट पाणी उभं आहे आणि तळाचं दोन फूट मोटारीला लागत नाही. वहीत असं दिसेल:

पहिला दिवस, सकाळी १४ फूट
दुसरा दिवस, १२
तिसरा, १०
चौथा, ८
पाचवा, ६
सहावा, ४
सातवा, २. मोटार हवा ओढते.

कथेला सात दिवसांचं आयुष्य मिळालं. एकही विशेषण न वापरता घड्याळ सुरू झालं.

या आकड्यांचा दुसरा फायदा असा की खोटे उपाय आपोआप गळून पडतात. ‘नायकानं टँकर आणून बाग वाचवली’ हे वाक्य लिहिण्याआधी भागाकार करा. १०,००० लिटरचा टँकर घेतला तर एका एकराला रोज साडेतीन टँकर लागतील. पावसाला अजून महिना असेल तर शंभराच्या वर. टँकरनं केळीबाग वाचवणारा नायक रावेरच्या वाचकाला पहिल्याच खेपेला खोटा वाटेल.

३. किल्ली कोणाकडे आहे ते ठरवा

वस्तू कमी असली म्हणून कलाटणी मिळत नाही. ती कमी वस्तू वाटणारा माणूस कलाटणी देतो. म्हणून प्रत्येक टंचाईच्या कथेत हे विचारा: मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला? पाळीची वही कोण लिहितो? ऑटो स्विच कोणी चालू ठेवला? (ऑटो चालू असेल तर वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतात कोणी असो वा नसो. या एका बटणावर मध्यरात्रीचा प्रसंग उभा राहतो.)

सरकारी किल्ल्याही माहीत असू द्या. गावात टंचाई जाहीर झाली की खासगी विहीर गावाच्या पिण्यासाठी अधिग्रहित होऊ शकते. टँकर हवा तर ग्रामपंचायतीचा ठराव, मग पाहणी, मग मंजुरी. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला परवानगी लागते. यातल्या प्रत्येक पायरीवर एक माणूस आणि एक सही आहे. पाणी लपवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची विहीर नेमकी तिच्यातल्या पाण्यामुळेच अधिग्रहित होते, ही कलाटणी नियमातूनच निघते, तुम्हाला काही बनवावं लागत नाही.

साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठची पाणीवाटपाची फड पद्धत तर लेखकानं मुद्दाम अभ्यासावी. बंधाऱ्याखालचं क्षेत्र काही फडांत वाटलेलं असतं, एका फडात एकच पीक, आणि पीक दरवर्षी पालटतं. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचं ठरतं, आणि सगळ्यांचं सारखंच बुडतं. आता कथेत असा एक माणूस आणा ज्याची सगळी जमीन वाटणीत एकाच फडात आली आहे. गाव न्यायानंच वागतं, कोणीही दुष्ट नाही, आणि तरी तो एकटा बुडतो. खलनायकाशिवायचा संघर्ष नव्या लेखकाला सहसा जमत नाही. इथं तो वाटपातूनच तयार मिळतो.

४. कलाटणी हिशेबाच्या आत लपवा

पुन्हा रावेरच्या विहिरीकडे. पाळीची वही थोरला लिहितो. त्याची मुलगी रोज सकाळी विहिरीच्या पायरीवर खडूनं पाण्याची रेघ मारते. तिसऱ्या सकाळी रेघ १० वर हवी, ती ९ वर आहे. चौथ्या सकाळी ८ ऐवजी ६. पाचव्या सकाळी ३. म्हणजे दुसऱ्या रात्रीपासून रोज एक फूट जास्तीचं जातंय, आणि विहीर सातव्याऐवजी पाचव्याच दिवशी हात वर करणार. संशय धाकट्यावर येतो, कारण त्या आठवड्यात वीज रात्रीची आहे आणि मध्यरात्रीनंतरची पाळी त्याची आहे.

आता एक फूट पाणी, म्हणजे ८,९०० लिटर, कशाला लागतं ते शोधा. घरात प्यायला? पाच माणसांच्या घराला काहीशे लिटर पुरतात. चोरून चौथा भाग एकर भिजवायला? शक्य आहे, आणि वाचकानं तेच समजावं. पण उन्हाळ्यात एक गाय दिवसाला साधारण ५० लिटर पिते. ८,९०० ला ५० नं भागा: पावणेदोनशे गायी. उन्हाळ्यात काठेवाडी गुराखी गायींचे कळप घेऊन खानदेशात फिरतात आणि शेतात रात्री गायी बसवल्या की जमिनीला शेणखत मिळतं. थोरल्याला जूनमध्ये मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची केळी, लावायची आहे, तेही त्याच्या एकट्याच्या मोकळ्या शेतात. मे महिन्यात त्या खताची किंमत त्यानं रुपयांत नाही, सामाईक पाण्यात मोजली. चोरी हिशेब ठेवणाऱ्याचीच निघाली, आणि ती पकडली त्याच्याच मुलीच्या खडूच्या रेघेनं.

या मांडणीत लेखकानं वाचकापासून काहीच लपवलेलं नाही. ९ हा आकडा पानावर आहे, ‘यंदा शेणखत मिळालं पाहिजे’ हे थोरल्याचं वाक्य दुसऱ्या पानावर सहज येऊन गेलंय. मागे जाऊन वाचणाऱ्याला सगळं सापडतं.

कलाटणीच्या आणखी जागा खानदेशाच्या भूगोलातच आहेत:

*जमिनीखालची भिंत.* धुळे-नंदुरबारकडे काळ्या कठीण दगडाच्या उभ्या भिंती जमिनीत मैलोनमैल गेलेल्या आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत जमिनीखालचं पाणी अडवू शकते: एका बाजूच्या विहिरीला पाणी, पलीकडची कोरडी. बांधावरून शतपावली घालण्याएवढ्या अंतरात दोन नशिबं. वाटणीच्या वेळी ‘खडकाळ तुकडा’ म्हणून नाकारलेली जमीन पुढं पाण्याची निघते, यासाठी चमत्कार लागत नाही. फक्त ती काळी रांग पहिल्या प्रकरणात कोणाच्या तरी पायाला लागली पाहिजे.

*उपायातून नवी टंचाई.* गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात, पण त्याच्या पाण्यावर चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापासून खालची गावं डोळे लावून असतात. पिण्यासाठी नदीत आवर्तन, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेलं पाणी, सुटलं की वाटेतल्या मोटारींनी ते उपसू नये म्हणून नदीकाठचा वीजपुरवठा बंद ठेवला जातो. गावाला पाणी येतंय ही आनंदाची बातमी आणि काठावरच्या कोणाची तरी वीज गेली ही आपत्ती, दोन्ही एकाच आदेशात. पात्राची सगळी धडपड आवर्तनासाठी होती आणि आवर्तनानंच त्याचं काम बुडवलं, असं लिहिता येतं.

*आभाळ कोरडं, नदीला पूर.* तापी मध्य प्रदेशातून येते, पूर्णा विदर्भातून, आणि चांगदेवला दोघींचा संगम होतो. तिकडं जोराचा पाऊस झाला की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. खाली चोपड्याच्या शेतकऱ्याच्या शिवारात एक थेंब पडलेला नसतो, पेरणी खोळंबलेली असते, आणि काठावरचा पंप पुरात जातो. टंचाईच्या कथेत पुराची कलाटणी आणायची तर ही एक प्रामाणिक वाट आहे. वरच्या पावसाची बातमी दोन पानं आधी रेडिओवर, एसटीत किंवा कोणाच्या फोनवर येऊन गेली पाहिजे.

५. पेरणी: तीनदा, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या कामाच्या आडोशानं

कलाटणीची वस्तू शेवटच्या आधी निदान तीन वेळा दिसावी. पहिल्यांदा वापरात (मुलगी रेघ मारते, कारण तिला शाळेचा प्रकल्प करायचा आहे). दुसऱ्यांदा भांडणात (रेघेवरून दोघे भाऊ बोलतात, वाचकाचं लक्ष भांडणाकडे). तिसऱ्यांदा नुसती, काही न बोलता. ‘तिला काहीतरी खटकलं’ असं लिहिलंत की पेरणी उघडी पडते. खटकू द्यायचं ते वाचकाला, पात्राला नाही.

६. तारखा घट्ट बांधा

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. घरात माणसं वाढतात नेमकी टंचाईच्या ऐन दिवसांत. एका सणानं पाण्याचा रोजचा खर्च वाढतो आणि घरातलं गुपित ऐकणारे कानही वाढतात. पोळ्याला बैल धुवायला पाणी लागतंच, नसेल तर ती घरधन्याची नाचक्की असते. अशा तारखा कथेत आधीच ठोकून ठेवा आणि शिल्लक त्यांच्यापर्यंत पुरणार नाही अशी मांडा.

७. बोली जपून

सगळा खानदेश अहिराणी बोलतो असं समजून संवाद लिहू नका. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडच्या पात्राच्या तोंडी ‘हिरमा पानी शे, पन पाळी मन्ही नही’ (विहिरीत पाणी आहे, पण पाळी माझी नाही) शोभेल. रावेर-यावलच्या लेवा पाटीदार घरात लेवा गणबोली चालते, सातपुड्यात पावरी आणि भिली. येत नसेल ती बोली ओढूनताणून आणू नका. साधं मराठी ठेवा आणि पाळी, आवर्तन, चारी (शेतापर्यंतचा छोटा पाट), डीपी (वीज वाटणारं रोहित्र), ठिबक, बाग असे कामाचे शब्द मात्र अचूक वापरा. चुकीच्या बोलीनं जेवढं नुकसान होतं तेवढं प्रमाण मराठीनं कधीच होत नाही.

८. हमखास होणाऱ्या चुका

शेवटी पाऊस पाडणं ही सर्वांत मोठी चूक. पावसानं पात्रावरचा निर्णयाचा भार निघून जातो. पाऊस आणायचाच असेल तर निर्णय होऊन गेल्यावर आणा, म्हणजे तो निर्णय परत घेता येणार नाही.

ऐनवेळी बोअरला पाणी लागणं हीही तीच पळवाट. शिवाय जागेप्रमाणे खरंखोटं ठरतं. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याच्या खडकात पाणी फटींमधून मिळतं, त्यामुळे पन्नास फुटांवरचा दुसरा बोअर कोरडा जाऊ शकतो. रावेर-यावलच्या गाळाच्या पट्ट्यात गोष्ट वेगळी: तिथं प्रश्न फटीचा नसून खोल गेलेल्या पातळीचा असतो, आणि खोल जायला पैसा लागतो. पहिल्या ठिकाणी कलाटणी नशिबाची, दुसऱ्या ठिकाणी कर्जाची.

गरिबाला आपोआप सज्जन आणि पाणीवाल्याला आपोआप दुष्ट ठरवू नका. तूट दोन फुटांची असेल तर दोघेही खरं बोलत असतात आणि तरी दोघांना पुरत नाही.

आकडा मध्येच बदलणं ही सगळ्यात नकळत होणारी चूक. तिसऱ्या प्रकरणात विहीर सामाईक, सातव्यात धाकट्याची एकट्याची. आधी वीज रात्रीची, नंतर त्याच आठवड्यात दुपारी मोटार चालू. अशी गफलत झाली की वाचक तुमच्या खऱ्या खुणेलाही गफलतच समजतो. रेघ ९ वर आहे हे त्याच्या ध्यानात येईल, पण तो म्हणेल, छापताना चुकलं असेल.

९. शेवटची तपासणी

मसुदा झाला की वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंगासमोर त्या दिवसाची शिल्लक लिहा. जिथं शिल्लक बदलत नाही आणि निर्णयही होत नाही, तो प्रसंग काढा. तो कितीही सुंदर उतरला असला तरी. मग कलाटणीचं पान झाकून कथा अशा माणसाला वाचायला द्या जो स्वतः पाण्याची पाळी सांभाळतो. कशी वाटली, हे विचारू नका. ‘पाणी कोण नेतंय, हे तुम्हाला कोणत्या दिवशी कळलं?’ एवढंच विचारा. तिसऱ्या दिवशी म्हणाला तर खूण फार ठळक झाली, एक पेरणी पुसट करा. झाकलेलं पान वाचूनही ‘पटलं नाही’ म्हणाला तर आणखी एक वाढवा. पाचव्या दिवशी म्हणाला आणि लगेच मागची पानं उलटून खडूची रेघ शोधायला लागला, तर हिशेब जुळला. मग पक्की प्रत करा.